बारा बुचं

शाहूपुरीत बसाप्पाकडं बॅटरी घ्यायला जाणं म्हणजे मुलगी मागायला जाण्यासारखं होतं. आधी तुमचीच चौकशी व्हायची. गाडी कुठली, चालवणारा कोण, किती दिवस उभी राहते, पाणी कोण बघणार. उत्तरं पटली नाहीत तर बसाप्पा सरळ म्हणायचा, "न्हाय जमायचं पावणं. फुडच्या दुकानात बगा." गिऱ्हाईक खरंच पुढच्या दुकानात जायचं, वर्षभरानं मान खाली घालून परत यायचं, आणि तेव्हा कुठं बसाप्पा त्याला बसायला स्टूल द्यायचा. अठ्ठावन्न वर्षांचा हा माणूस तीस वर्षं स्वतःच्या हातानं बॅटऱ्या बांधत होता. आपल्या हातची बॅटरी दगा देत नाही याचा त्याला माज होता, आणि तो कपाळावरच्या विभूतीच्या तीन पट्ट्यांइतकाच रोजचा होता.

२००५ सालच्या श्रावणात नृसिंह सर त्याच्या दुकानात आले, ते हातात गणिताचा कागद घेऊनच. सर शाळेत पस्तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी एक जुनी मॅटाडोर घेतली होती आणि आत घर मांडलं होतं. एक पलंग, गॅसची शेगडी, भांडी घासायला छोटं बेसिन, खिडकीला पडदे. कोल्हापुरात अशी गाडी कुणी पाहिली नव्हती, त्यामुळं गल्लीतली माणसं सरांना वेड लागलं असं उघड म्हणत होती. आता फक्त वीज बसवायची राहिली होती.

"रानात चार दिवस राहायचंय," सर म्हणाले. "तिथं वीज नाही. आणि हिला विजेशिवाय ठेवता येत नाही."

ही म्हणजे इरावतीबाई. त्या दुकानाच्या पायरीवरच थांबल्या होत्या, कारण दोन पायऱ्या चढून त्यांना धाप लागली होती. जन्मभर त्यांनी मुलांना फळ्यावर पक्षी काढून दाखवले होते. निवृत्तीनंतर रानात जाऊन ते डोळ्यांनी बघायचे असं ठरलं होतं, आणि निवृत्तीच्याच वर्षी दमा उलटला. आता औषधाची वाफ करून तोंडावाटे छातीत सोडणारं एक यंत्र दिवसातून चार वेळा लागायचं, आणि धाप लागली की केव्हाही. यंत्राला प्लग, प्लगला भिंत. दोन वर्षं बाई त्या भिंतीपासून लांब गेल्या नव्हत्या.

"दाव्याला बांधल्यागत झालंय बघा," त्या हसून म्हणाल्या. हसल्या आणि पुन्हा थांबून श्वास घेतला. बसाप्पाला ते बघवलं नाही. त्यानं काही न विचारता स्टूल पुढं सरकवलं.

सरांचं म्हणणं होतं, ट्रकच्या दोन मोठ्या बॅटऱ्या बसवाव्यात. बसाप्पानं कपाळाला हात लावला.

"सर, तुमी शिकलेली मानसं, आनि असं कसं बोलतासा? ट्रकची बॅटरी म्हंजी पैलवान. एका झटक्यात इंजान उचलती आनि झोपती. तुमाला पैलवान कशाला पायजे? तुमाला हमाल पायजे. दीसभर वज्जं वाहनारा, न कुरकुरनारा. जाड प्लेटीची पायजे, इन्व्हर्टरला घालत्यात तसली. दोन घालू. यकशेपस्तीस अँपियरच्या."

सरांनी कागदावरचं गणित पुन्हा केलं. यंत्र किती वेळ चालणार, पंखा, दोन दिवे, चार दिवस. बसाप्पाचा आकडा बरोबर निघाला तेव्हा सरांनी चष्म्यावरून त्याच्याकडं नवलानं पाहिलं. बसाप्पानं ते पाहिलं, आणि न पाहिल्यासारखं केलं.

"दुसऱ्या एका दुकानात सांगितलं, की पूर्ण बंद बॅटरी घ्या," सर जरा चाचरत म्हणाले. "पाणी घालायला नको, वास नाही. हिच्या दम्यासाठी मला तीच बरी वाटते. आणि वायू? हायड्रोजन निघतो, शेगडी शेजारी आहे..."

झालं. बंद बॅटरीचं नाव काढणं म्हणजे बसाप्पाच्या शेपटीवर पाय देणं.

"डबाबंद बॅटरी?" तो एवढ्यानं ओरडला, की समोरचा सायकलवाला बाहेर आला. "बूच उघडून आत बघाय येत न्हाय, ती कसली बॅटरी? आत काय चाललंय कुनाला कळनार? बाई, आता तुमीच सांगा. ह्या बुचाला मदी भोक दिसतंय? बारीक, सुईयेवढं? चार्जिंग हुताना तिच्या पोटात वारा धरतोय, त्यो ह्यातनं भाईर पडतोय. तिला बी तुमच्यागत श्वास लागतोय. तिचा श्वास मोकळा ठेवला, की ती तुमचा ठेवती. वारा गाडीत ईल म्हनतासा? कसा ईल? पलंगाखाली पेटी करू. झाकनाला रबर. पेटीतनं नळी खाली रस्त्यावर सोडू. यक थेंब वास आला तर पैसं नगोत."

"गॅरंटी?" सरांनी विचारलं.

"गॅरंटी म्हंजी मी हाय की!"

इरावतीबाई त्या बुचाकडं बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्यांच्याकडूनच घ्यायच्या."

पुढचा महिनाभर बसाप्पानं दुसरं काम हातात धरलं नाही. दोन्ही बॅटऱ्या त्यानं स्वतः बांधल्या. लाकडी पेटीला आतून शिशाचा पत्रा मारला. साधी दाबून बसणारी बुचं घाटात उडतील म्हणून आट्यांची बुचं आणली, प्रत्येकाखाली रबरी चकती घातली आणि स्वतःच्या हातानं आवळली. एका बॅटरीला सहा, दोन्हीला मिळून बारा. इंजिन चालू असताना त्याच्याच विजेवर बॅटऱ्या भरत राहतील अशी जोडणी केली. मग इंजिन चालू ठेवून इरावतीबाईंना तासभर पलंगावर बसवलं. नाकाला रुमाल न लावता बाई पुस्तक वाचत बसल्या. वास आला नाही. त्या दिवशी बसाप्पा घरी गेला तो शीळ घालत, आणि त्याची बायको रत्नव्वा म्हणाली, "काय री, लगीन ठरलं काय कुनाचं?" रत्नव्वा माहेरची निपाणीकडची. नवऱ्याला ती कानडी पद्धतीनं 'री' म्हणायची आणि ऐकवायचं ते मराठीत ऐकवायची.

दसऱ्याच्या दिवशी सीमोल्लंघन म्हणून निघायचं ठरलं. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, सर गाडी घेऊन दुकानात आले. खंडेनवमीला दुकानात हत्यारांची पूजा. पाने, पकडी, शिसं वितळवायची कढई, सगळं धुऊन पुसून मांडलेलं. बसाप्पाची स्वतःची एक रीत होती. विभूतीचा गट्टू पाण्यात भिजवायचा आणि मांडणीवरच्या प्रत्येक बॅटरीवर तीन बोटांनी पट्ट्या ओढायच्या, वर कुंकवाचा ठिपका. नुसती विभूती वाळली की झडते, पुढच्या दसऱ्यापर्यंत राहत नाही. म्हणून काही वर्षांपूर्वी त्याचं डोकं चाललं होतं. बॅटरीवर लेबलं चिकटवायचा डिंक होताच; तोच विभूतीत कालवायचा. पट्ट्या अशा बसायच्या, की नखानंही निघत नसत. याचा त्याला कोण अभिमान.

मांडणीवरच्या बॅटऱ्या कोऱ्या असायच्या. आत ॲसिड नाही, बुचं तात्पुरती. बॅटरी विकली की नवी बुचं लागायची. त्यामुळं इतकी वर्षं काही बिघडलं नव्हतं.

त्या दिवशी त्यानं कौतुकानं सरांच्या गाडीतली पेटी उघडली. वाटी घेऊन वाकला आणि बाराच्या बारा बुचांवर जाड पट्ट्या ओढल्या. मधोमध कुंकू. हात फिरता होता म्हणून दुकानातल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीवरही तसंच केलं.

रत्नव्वा आरतीचं ताट घेऊन मागं उभी होती. "येवढं थापू नगासा री," ती म्हणाली. "ती बुचं हैत, भिंत न्हवं."

"तू नारळ बग," बसाप्पा म्हणाला.

दसऱ्याला साडेबारा वाजता गाडी गेली. मलकापूरच्या पुढं सरांचा जुना विद्यार्थी आकाराम याचं रानाकडेचं शेत होतं, तिथल्या माळावर मुक्काम. इरावतीबाईंनी खिडकीचा पडदा सारून लहान मुलीसारखा हात हलवला. बसाप्पानं गाडी वळणाआड जाईपर्यंत हात जोडून ठेवले होते.

दुपारी एकला वीज गेली. सण असो नाहीतर सुतक, लोडशेडिंग ठरल्या वेळी. तीनला आली आणि दुकानातला इन्व्हर्टर गुंगुं करत बॅटरी भरायला लागला. बसाप्पा गल्ल्याशेजारी आडवा झाला होता. रत्नव्वा पुरणपोळीचा डबा घेऊन नुकतीच आली होती. साडेतीनच्या सुमाराला कोपऱ्यात फाट करून आवाज झाला. काहीतरी छताच्या पत्र्यावर आपटलं आणि टुणटुण करत बसाप्पाच्या पायाशी आलं.

बूच होतं. इन्व्हर्टरच्या बॅटरीचं, दाबून बसवलेलं. वर तीन पट्ट्या, मधोमध कुंकू.

बसाप्पानं ते उचललं. उजेडाकडं धरलं. भोकातून उजेड यायला हवा होता, तो आला नाही. तोंडाशी धरून फुंकलं. गाल फुगले, कान गरम झाले, वारा पलीकडं गेला नाही. डिंक आणि राख आत उतरून दगड झाले होते. त्यानं बॅटरीकडं पाहिलं. उरलेली पाच बुचं घट्ट होती, आणि बॅटरीच्या बाजू जेवून तट्ट फुगलेल्या पोटासारख्या बाहेर आल्या होत्या.



"हे दाबायचं बूच हुतं म्हनून उडालं," तो म्हणाला. "सरांच्या गाडीत आट्यांची हैत. मी आवळल्यात. ती उडायची न्हाईत, रत्ना. बॅटरीच फुटंल. ॲसिड... वर पलंगावर बाई हैत. आनि शेजारी शेगडी."

कालचं वाक्य रत्नव्वाच्या तोंडावर आलेलं त्याला दिसलं, आणि तिनं ते गिळलेलंही दिसलं. ते गिळणं त्याला जास्त लागलं.

त्यानं सरांचा मोबाइल लावला. रेंजच्या बाहेर. पुन्हा लावला. आकारामाकडं फोन नव्हता. गाडी साडेबाराला निघालेली, सर तीसच्या वर पळवत नाहीत, बाईंसाठी घडीघडी थांबतात, मधे जेवण. म्हणजे आत्ता कुठंतरी वाघबीळचा घाट चढून पुढं असतील. इंजिन चालू, बॅटरीत वीज जातेय, वारा साठतोय. पोचल्या पोचल्या सर पहिलं काम काय करणार? चहा ठेवणार. काडी ओढणार.

बसाप्पानं मोटारसायकलला लाथ मारली. रत्नव्वानं समोरच्या वाण्याकडून खायच्या सोड्याचे चार पुडे आणले, कॅनमध्ये पाणी भरलं आणि जरीच्या लुगड्यासकट मागं बसली.

"तू कुटं?"

"ॲसिड उडालं तर सोडा कोन लावनार? हाना गाडी."

शिवाजी पुलाच्या अलीकडं दसऱ्याची गर्दी. फुलांच्या माळा घातलेले ट्रॅक्टर, ट्रक, सजवलेल्या म्हशी. बसाप्पा माणसांच्या अंगावर गाडी घालत, शिव्या खात आणि देत निघाला. एरवी सणाचा दिवस बघून सोन्यासारखा म्हणाला असता. आज प्रत्येक झेंडूची माळ त्याला वाटेत आडवी आलेली वाटत होती. वाघबीळच्या चढाला इंजिन धापा टाकायला लागलं आणि त्याच्या डोक्यात एकच विचार फिरायला लागला. तिला बी तुमच्यागत श्वास लागतोय. कोण बोललं होतं हे? मीच. दुकान डोक्यावर घेऊन बोललो होतो. आणि माझ्याच तीन बोटांनी तो कोंडला.

"बंद बॅटरी घिऊ म्हनत हुतं सर," तो वाऱ्यात ओरडला. "मीच घिऊ दिली न्हाय."

"म्होरं बघा री," रत्नव्वा म्हणाली.

बांबवड्याला चहाच्या टपरीवर त्यानं पाय न टेकता विचारलं, "पावणं, पडदं लावल्याली मॅटाडोर बगितली काय?"

"घराची गाडी? व्हय की! जेवली की मानसं हितंच. म्हातारीला लई धाप लागल्याली. तास झाला जाऊन."

धाप लागलेली. म्हणजे यंत्र चालणार, म्हणजे बॅटरी वापरात, म्हणजे सर इंजिन चालूच ठेवणार, बॅटरी उतरू नये म्हणून. काळजी करणारा माणूस जे जे करील, ते सगळं आज उलटं पडत होतं.

मलकापूर ओलांडलं तेव्हा पाच वाजून गेले होते. आकारामाचं शेत विचारायला आणखी दोन ठिकाणी थांबावं लागलं. शेवटी रस्ता सुटला, बैलगाडीची वाट लागली आणि माळाच्या टोकाला ती पडदेवाली गाडी दिसली. शाबूत. बसाप्पाला हायसं वाटलं ते क्षणभरच. इंजिनाचा आवाज येत होता, आणि सर गाडीच्या दारात उभे होते. एका हातात चहाचं पातेलं, दुसऱ्या हातात काडेपेटी.

"सर! काडी वडू नगासा! सर!"

मोटारसायकल त्यानं अक्षरशः टाकली. रत्नव्वा कशी उतरली तिचं तिला ठाऊक. बसाप्पानं जाऊन सरांच्या हातातली काडेपेटी हिसकावली आणि शेतात भिरकावली. शेजारी उभा असलेला आकाराम हे बघून बाह्या सारायला लागला.

"इंजान बंद करा. आदी इंजान बंद!"

सरांनी धावत जाऊन इंजिन बंद केलं. माळ एकदम शांत झाला, आणि त्या शांततेत दोन आवाज उरले. एक यंत्राचा, घर्रर्र. दुसरा पलंगाखालून येणारा, लाकूड ताणल्यासारखा, कर्र कर्र.

इरावतीबाई पलंगावर बसल्या होत्या. तोंडावर यंत्राचा मुखवटा, ओठ निळसर, खांदे प्रत्येक श्वासाला वर ओढले जात होते. सर पांढरे पडले होते. "चढावर धूळ आली. ॲटॅक मोठा आहे. आत्ताच औषध घातलंय, दहा मिनिटं तरी यंत्र बंद करता येणार नाही. काय झालंय, बसाप्पा?"

"बॅटरी फुगली. बुचं काडाय पायजेत."

"मग वायर काढ!"

"वायर काडली तर ठिणगी पडल. ठिणगी पडली तर संपलं." बसाप्पानं यंत्राची वायर डोळ्यांनी मोजली. दारापर्यंत पुरत होती, त्यापुढं नाही. ती वायर त्यानंच आखूड तोडली होती, पायात यायला नको म्हणून. "बाईंना दारात बसवा. पाय भाईर. यंत्र चालू ठेवा. आनि कुनीबी कुठलं बटन दाबू नगा."

सर आणि आकारामानं बाईंना उचलून दारात बसवलं. बाईंनी मुखवट्यावरून बसाप्पाकडं पाहिलं. त्या नजरेत प्रश्न नव्हता, विश्वास होता. बसाप्पाला तिथं उभं राहवेना. त्यानं पलंगाची फळी उचलली.

पेटीचं झाकण आपोआपच वर आलं, बॅटऱ्या इतक्या फुगल्या होत्या. पांढऱ्या पट्ट्या आणि लाल ठिपके, एका ओळीत सहा, दुसऱ्या ओळीत सहा. काल किती साजरी दिसली होती. रत्नव्वानं पदराचा टोकाकडचा भाग फाडला, पाण्यात बुडवला आणि त्याच्या हातात दिला. त्यानं ओला कपडा पहिल्या बुचावर ठेवला आणि आटे सोडायला लागला. पाव फेरा. थांबायचं. सूंऽऽ करत वारा सुटला, कपड्याखालून बोटांवर ॲसिडचे थेंब आले. हात भाजायला लागला. सोडायचा नाही, कारण एकदम सुटलं तर बूच छतावर आणि ॲसिड तोंडावर. रत्नव्वा मुठीनं सोडा त्याच्या हातावर टाकत होती. तो फसफसत होता.

एक. दोन. तीन. पाठीमागं यंत्राची घरघर, आणि त्या घरघरीत बाईंचा श्वास. आत ओढला जाताना शिट्टीसारखा. बसाप्पा न बोलता मोजत होता. चौथ्याला बोटं बधिर झाली. सातव्याला बूच फिरेना. डिंक आट्यांत उतरला होता. त्यानं पकड मागितली नाही. लोखंड तारेला लागलं तर ठिणगी. दोन्ही हातांनी, दात आवळून फिरवलं. बॅटरीची बाजू कर्रकन वाजली आणि एक बारीक चीर पडली. चिरेतून ओल दिसली. सर मागून काहीतरी म्हणाले, ते त्याला ऐकू आलं नाही. बूच हललं. सूंऽऽ.

बारावं बूच हातात आलं तेव्हा त्याच्या सदऱ्याची चाळण झाली होती आणि हाताच्या कातड्यावर पांढरे फोड उठले होते. त्यानं माळावरचा वारा आत यावा म्हणून सगळ्या खिडक्या, दारं सताड उघडली आणि गवतात बसला.

यंत्र अजून चालू होतं. हळूहळू बाईंच्या श्वासातली शिट्टी बारीक झाली. मग थांबली. त्यांनी मुखवटा काढला.

सरांनी येऊन बसाप्पाच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "देवासारखा आलास रे. तुला कसं कळलं?"

सोपं होतं. बॅटरीत दोष निघाला म्हणायचं, घाटाच्या धक्क्यावर ढकलायचं. सर देव म्हणत होतेच. बसाप्पानं रत्नव्वाकडं पाहिलं. ती सोड्याचे रिकामे पुडे गोळा करत होती, वर न बघता.

"देव कसला, सर," तो म्हणाला. "मीच बुजवली ही भोकं. इभूतीत डिंक कालवला, पट्ट्या टिकाव्यात म्हनून. माज माझा, दुसरं काय न्हाय. हिनं सांगितलं हुतं, ऐकलं न्हाय. तुमी बंद बॅटरी मागितलीसा, त्ये बी ऐकलं न्हाय. बाई, तुमचा जीव मी घेतला हुता." आणि हा दांडगा, मोठ्या आवाजाचा माणूस भाजलेले हात मांडीवर पालथे ठेवून हमसून हमसून रडायला लागला.

सरांनी खांद्यावरचा हात काढून घेतला होता. तो त्यांनी परत ठेवला नाही, आणि ते बरोबरच होतं.

"मी गाडी सावकाश परत न्हेतो," बसाप्पा शेवटी म्हणाला. "उद्या बंद बॅटरी बसवतो. माझ्या हातानं न्हाय, दुसऱ्या कुनाच्या तरी."

"परत जायचं नाही," इरावतीबाई म्हणाल्या.

"इरा!" सर ओरडले.

"दोन वर्षांनी मी भिंत सोडून इतक्या लांब आले. आत्ता ह्या माळावर मला श्वास मिळाला तो ह्याच बॅटरीवर. एक फुटली असेल, दुसरी?"

बसाप्पानं डोळे पुसले. उठून पाहिलं. चीर गेलेली बॅटरी कामातून गेली होती. दुसरी फुगली होती, पण अखंड होती. बाजू आता आत बसत होत्या. "ही चालंल," तो पुटपुटला. "चार दीस न्हाय. दोन चालंल."

"मग दोन दिवस," बाई म्हणाल्या.

आधी गाडी तासभर उघडी ठेवली. वायू गेला याची खात्री झाल्यावर बसाप्पानं तारा सोडवून फुटकी बॅटरी लांब बांधावर नेली. मग बुचं घेऊन बसला. लागणार होती सहा, पण त्यानं बाराही घेतली. रत्नव्वानं ती सोड्याच्या पाण्यात धुतली आणि मंगळसूत्राला अडकवलेली सेफ्टी पिन काढून दिली. बसाप्पा एकेका भोकात पिन घालून डिंक उकरत होता, विहिरीच्या पाण्यात खळबळत होता आणि मग ओठांशी धरून फुंकत होता. वारा पलीकडं गेला, की बूच गवतावर ठेवायचा. ओठांना आंबट चव लागत होती. समोर सूर्य रानाआड चालला होता आणि झाडीतून पाखरांचा गलका सुरू झाला होता. बाई मान वळवून ऐकत होत्या.

अकरावं झालं तेव्हा त्यालाच दम लागला. बारावं हातात घेऊन तो थांबला.

"द्या इकडं," इरावतीबाई म्हणाल्या.

"नगो बाई. तुमाला फुंकायचं..."

"द्या."

त्यांनी बूच घेतलं. ओठांशी धरलं. सगळे बघत राहिले. सर एक पाऊल पुढं आले आणि थांबले. बाईंनी सावकाश, छातीत होता तेवढा श्वास त्या सुईएवढ्या भोकातून सोडला. दुसऱ्या हाताचा तळवा त्यांनी भोकापलीकडं धरला होता, तिथं वारा लागला.

"जातोय," त्या म्हणाल्या, आणि बूच बसाप्पाच्या फोड आलेल्या हातावर ठेवलं. "हे बसवा."

बसाप्पानं ते बूच बसवलं, बाकीची पाच बसवली, झाकण लावलं, वर फळी टाकली. सर पातेलं घेऊन उभेच होते, पण शेगडीकडं जायचा त्यांना धीर होत नव्हता. आकारामानं शेतातून काडेपेटी शोधून आणली होती, ती त्यांच्या हातात तशीच होती.

बसाप्पा पलंगावर चढला आणि बरोबर पेटीवर मांडी घालून बसला. क्षणभरानं फाटक्या पदराची रत्नव्वाही येऊन त्याच्या शेजारी बसली.

"वडा काडी, सर," बसाप्पा म्हणाला. "चा ठेवा."